नकाशा माझा, राज्य दुसऱ्याचं

प्रश्न: मी कोल्हापुरात एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहे. जुन्या व्हिडिओ गेमचे नकाशे काढणं हा माझा छंद. १९८६ सालच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’चे मी दोन नकाशे केले. एक गेमचे सगळे स्क्रीनशॉट एकाला एक जोडून आणि दुसरा ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगने (ड्राफ्टिंगच्या शाईपेनाने) हाताने काढून, मराठी टिपांसकट. दोन्ही इंटरनेटवर फुकट ठेवले होते. गेल्या वर्षी मित्राच्या आग्रहावरून दोन्हींची मिळून साठेक पोस्टरं साडेचारशे रुपयांना एक अशी विकली. आता एक ऑनलाइन विक्रेता माझा हाताने काढलेला नकाशा, कोपऱ्यातलं माझं नाव कापून, टी-शर्टवर आणि पोस्टरवर छापून विकतोय. जाब विचारला तर म्हणतो, “तुझाच नकाशा चोरीचा आहे. तक्रार केलीस तर कंपनीला कळवीन, पोलिसांत देईन, आत जाशील.” पत्नी घाबरली आहे. माझा माझ्याच नकाशावर काही हक्क आहे की नाही?

उत्तर: नमस्कार. आधी वहिनींच्या भीतीबद्दल. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली निट प्रो प्रकरणात सांगितलं. म्हणजे विक्रेत्याची धमकी कागदावर अगदीच हवेतली नाही. पण व्यवहारात मूळ कंपनीने पुढे येऊन ‘हे आमचं, आम्ही परवानगी दिलेली नव्हती’ असं सांगितल्याशिवाय अशी तक्रार फार लांब जात नाही. आणि जो माणूस तोच नकाशा टी-शर्टवर छापून विकतोय, तो पोलीस ठाण्याची पायरी चढून स्वतःविरुद्धच जबाब देणार आहे. तेव्हा धमकीला घाबरून गप्प बसायचं कारण नाही. मात्र तुमची बाजू पूर्ण स्वच्छ आहे असंही मी म्हणणार नाही. तुम्ही पोस्टरं विकली, तिथे गाठ बसली आहे.

गेम कोणाचा, यात वाद नाही. शिगेरू मियामोटो आणि ताकाशी तेझुका यांनी घडवलेला हा गेम निन्टेन्डोचा आहे. जपान बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात आहे, आपणही आहोत, त्यामुळे तिथल्या कृतीला इथे आपल्या कायद्याचं संरक्षण मिळतं. ‘इतका जुना गेम, आता कोण विचारतो’ हे मी दर आठवड्याला ऐकतो. आपल्याकडे चित्राचा कॉपीराइट कर्ता हयात असेपर्यंत आणि त्याच्या पश्चात साठ वर्षं टिकतो. दोघेही हयात आहेत. शिवाय कंपनी हाच गेम आजही आपल्या स्विच यंत्राच्या वर्गणीत खेळायला देते. त्याला बेवारस माल समजू नका.

पण गेममधलं सगळंच कंपनीच्या मालकीचं नसतं. कल्पनेला कॉपीराइट नाही, ती मांडण्याच्या पद्धतीला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद प्रकरणात १९७८ सालीच ठरवून टाकलं. कुठल्या पडद्यावर कुठलं झुडूप मेणबत्तीने जाळलं की खाली जिना सापडतो, कुठल्या कड्याला बॉम्ब लावायचा, हरवलेल्या जंगलातून बाहेर पडायला उत्तर, पश्चिम, दक्षिण आणि पुन्हा पश्चिम असं चालावं लागतं, ही सगळी माहिती आहे. ती तुम्ही मराठीत लिहा, हवी तितकी लिहा. झाडांची, डोंगरांची, पाण्याची जी ठिपक्याठिपक्यांची चित्रं पडद्यावर दिसतात, ती मात्र चित्रं आहेत आणि ती कंपनीची आहेत.

याच रेषेवर दिल्ली उच्च न्यायालयात २००८ साली एक खटला चालला. कोलकात्याच्या दोन भावांनी ‘स्क्रॅब्युलस’ नावाचा शब्दखेळ इंटरनेटवर आणला होता आणि ‘स्क्रॅबल’ हा शब्दखेळ विकणारी मॅटेल कंपनी त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेली. खेळाचा पट आणि नियम यांवरचा कॉपीराइटचा दावा न्यायालयाने प्रथमदर्शनी मानला नाही. नावाच्या बाबतीत मात्र भावांना माघार घ्यावी लागली, कारण ते ‘स्क्रॅबल’ या ट्रेडमार्कच्या फार जवळचं होतं. तुम्ही पोस्टरच्या माथ्यावर गेमचा लोगो जसाच्या तसा काढला आहे ना? हा निकाल त्यासाठी सांगितला. नकाशा कशाचा आहे हे सांगायला गेमचं नाव साध्या अक्षरात लिहिणं वेगळं आणि लोगो छापून माल विकणं वेगळं.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ या गेमसाठी खेळाडूंनी स्वतः बनवलेले तीनशे टप्पे एका कंपनीने सीडीवर भरून विकले. त्या फायलींमध्ये मूळ गेमचं एकही चित्र नव्हतं, कुठे काय मांडायचं एवढंच लिहिलेलं होतं. तरीही अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने १९९८ साली ते उल्लंघन ठरवलं, कारण त्यातून मूळ गेमची पुढची गोष्टच उभी राहत होती. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही आणि तुमचा नकाशा काही खेळता येत नाही. पण ‘मी एकही चित्र उचललं नाही’ एवढ्या वाक्यावर प्रत्येक वेळी सुटका होत नाही, हे त्यातून कळतं.

आता तुमचे दोन नकाशे. कायद्याच्या नजरेत या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत आणि तुमच्या सगळ्या प्रश्नाचा उलगडा इथे आहे.

जोडलेला नकाशा म्हणजे आडवे सोळा आणि उभे आठ, असे १२८ पडदे. प्रत्येक २५६ बाय १७६ ठिपक्यांचा (पिक्सेलचा). सगळे बिनचूक जुळवले की ४०९६ बाय १४०८ ठिपक्यांचं एक चित्र तयार होतं. राक्षस पुसून काढणं, पडद्यांच्या कडा जुळवणं, यात तुमच्या किती रात्री गेल्या असतील याची मला कल्पना आहे. पण ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या मेहनतीला कॉपीराइट नाकारला. मेहनतीसोबत थोडी तरी स्वतःची निर्मिती दिसली पाहिजे, असा तो निकाल आहे. पडदे कुठल्या क्रमाने बसणार हे गेमनेच ठरवलेलं आहे, तुम्ही वेगळं काही करूच शकत नव्हता. त्यामुळे या नकाशावर तुमचा हक्क जवळजवळ शून्य, आणि कंपनीच्या चित्रांची नक्कल मात्र शंभर टक्के. हा नकाशा विक्रेत्याने उचललेला नाही हे तुमचं नशीब. तक्रारीत त्याचा उल्लेखही करू नका.

हाताने काढलेल्याचं तसं नाही. नकाशा, आराखडा, तक्ता या गोष्टी आपल्या कायद्यात ‘कलाकृती’च्या व्याख्येतच येतात, त्या सुंदर असाव्यात अशी अटसुद्धा नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मी हरवलेलं जंगल मुद्दाम शोधून पाहिलं. गेममध्ये तो एकच पडदा आहे, चुकीच्या दिशेने गेलात की तोच पुन्हा समोर येतो. जोडलेल्या नकाशात त्याला एक चौकोन पुरतो. तुम्ही तिथे झाडांचं वर्तुळ काढून त्यातून चार बाण असे वळवले आहेत की वाट डोळ्यांना चालता येते. डोंगर सर्वे ऑफ इंडियाच्या टोपोशीटसारखे समोच्च रेषांनी (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांनी) दाखवलेत. गेममध्ये समोच्च रेषा नाहीत, त्या तुम्ही आणल्या. अक्षरं तुमची, टिपांची भाषा तुमची, चौकट तुमची. एवढ्या भागावर तुमचा कॉपीराइट आहे असं मी न्यायाधीशांसमोर उभं राहून निर्धास्तपणे म्हणेन.

त्याखालचा देश मात्र तुमचा नाही. कुठल्या डोंगरापलीकडे कुठलं तळं, ही मांडणी दुसऱ्याने रचलेली आहे, आणि मूळ कृतीची फेरमांडणी किंवा फेरबदल करण्याचा हक्क कायद्याने मालकालाच दिला आहे. तुम्ही म्हणाल, १९८७ साली अमेरिकेत सोनेरी कार्ट्रिजमधून हा गेम विकला तेव्हा खोक्यात कंपनीनेच अर्धवट नकाशा घातला होता, उरलेला खेळणाऱ्याने भरावा म्हणून. मुद्दा चांगला आहे आणि घरात बसून नकाशा पुरा करायला तो पुरेसा आहे. पण वही भरायला सांगणं म्हणजे वही छापून विकायची परवानगी देणं नव्हे. उलट १९८८ पासून कंपनी स्वतःच्या मासिकात गेमचे नकाशे छापत होती, म्हणजे नकाशांचा बाजारही तिचाच, असं तिचा वकील म्हणेल.

मग दुसऱ्याच्या जमिनीवर विनापरवाना काढलेल्या चित्राचा चोर पकडता येतो का? अमेरिकेच्या कायद्यात तर स्पष्टच लिहिलंय की मूळ कृती जिथे बेकायदा वापरली असेल त्या भागाला संरक्षण नाही. आपल्या कायद्यात असं कलम चित्रपटांसाठी आणि ध्वनिमुद्रणांसाठी आहे, कलाकृतींसाठी नाही. त्यामुळे तुमच्या रेषांवरचा तुमचा हक्क नुसत्या या कारणाने बुडत नाही. अडचण दुसरीकडे आहे. मनाई हुकूम हा न्यायालयाच्या मर्जीचा भाग असतो. मागणाऱ्याचं स्वतःचंच वर्तन ठीक नसेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ४१ खाली न्यायालय तो नाकारू शकतं. समोरचा वकील तुमच्या साठ पोस्टरांची पावती काढेल आणि विचारेल, हे काय? म्हणून मी तुम्हाला दावा लावायचा सल्ला देत नाही. नोटिशीने आणि साइटवरच्या तक्रारीने काम होण्यासारखं आहे.

पोस्टर विक्री आजपासून बंद. मग फुकट ठेवलेलं चालतं का? आपल्याकडे ‘उचित वापरा’ची यादी ठरलेली आहे: खासगी वापर आणि संशोधन, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन. चाहत्यांच्या हौसेचं वेगळं कलम नाही. हाताचा नकाशा आणि त्यासोबत पडद्यापडद्यावरचं तुमचं विवेचन हे ‘परीक्षणा’त बसवता येतं आणि मी ते ठेवेन. जोडलेला नकाशा मी काढून टाकेन. आणि कोपऱ्यातलं ते ‘कॉपीराइट भंगाचा हेतू नाही’ हे वाक्य आधी पुसा. कायद्यात त्याला शून्य किंमत आहे. उलट कॉपीराइट आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, याचा तो तुमच्या हस्ताक्षरातला पुरावा ठरतो.

विक्रेत्याला मराठीत, नाहीतर इंग्रजीत, पण थोडक्यात लिहा. मजकूर साधारण असा: “सदर चित्रातील हस्तलेखन, मराठी टिपा, समोच्च रेषा, बाणांची योजना व चौकट ही माझी स्वतंत्र निर्मिती आहे. आपण ती माझे नाव काढून, माझ्या परवानगीविना छापून विकत आहात. सात दिवसांत विक्री थांबवावी.” मूळ गेमवर हक्क सांगू नका, ‘संपूर्ण नकाशा माझा’ असंही लिहू नका. हेच पत्र त्या साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा, नाव-पत्ता साइटवर असतोच. विक्रेत्याने नाव कापलं हे तुमचं सगळ्यात धारदार हत्यार आहे. कर्ता म्हणून नाव असण्याचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खाली कॉपीराइटपासून स्वतंत्र आहे, आणि कृतीवरची अशी माहिती जाणूनबुजून काढणं हा कलम ६५-बी खाली गुन्हा आहे.

पत्र पाठवण्याआधी पुरावा गोळा करा, कारण नोटीस मिळताच माल गायब होतो. त्याच्याकडून एक टी-शर्ट रीतसर विकत घ्या, बिल जपून ठेवा. साइटची पानं तारखेसकट साठवा. दावा झालाच तर त्या पानांसोबत, इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. तुम्ही लिहिलंय की तळ्याच्या पूर्वेला गेममध्ये नसलेलं एक झाड तुम्ही मुद्दाम काढून ठेवलंय आणि टी-शर्टवर ते जसंच्या तसं उतरलंय. नकाशे काढणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे आणि मला ती फार आवडली. ट्रेसिंग पेपरची मूळ प्रत, कच्ची स्केचेस, सगळं एका फाइलमध्ये लावा. नोंदणीच्या मागे सध्या लागू नका, हक्कासाठी ती आवश्यक नाही. शिवाय अर्जात ‘ही कृती मूळ आहे की दुसऱ्या कृतीचं रूपांतर’ असं विचारतात, तिथे खोटं लिहिता येणार नाही आणि खरं लिहिलंत तर परवानगीचा प्रश्न निघेल.

पत्रात ओझरतं म्हटलंय की गेम एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर), इंटरनेटवरून उतरवलेल्या रॉमवर, म्हणजे गेमच्या फाइलवर, खेळलात. तो वेगळा विषय आहे आणि कंपनी त्यात कडक आहे. २०१८ साली अमेरिकेत दोन रॉम साइटांच्या चालकांना तिने कोर्टात खेचलं आणि प्रकरण एक कोटी बावीस लाख डॉलरच्या वर मिटलं. तुम्ही साइट चालवत नाही. पण प्रोग्रामची चोरटी प्रत जाणून वापरणं हेही कलम ६३-बी खाली येतं, धंद्यासाठी नसेल तर न्यायालय नुसत्या दंडावर सोडू शकतं. पुढे खेळायचं असेल तर अधिकृत प्रत घ्या.

उद्या खरोखरच कंपनीचं पत्र आलं तर त्याच दिवशी उत्तर लिहायला बसू नका. माफीनामा तर नाहीच. नकाशा साइटवरून उतरवा आणि पत्र घेऊन वकिलाकडे जा. विक्रीचा हिशेब विचारला जाईल, त्यामुळे किती छापली, किती विकली, छपाईला किती गेले, हे आत्ताच एका कागदावर मांडून ठेवा. उरलेली पोस्टरं फाडू नका, गठ्ठा बांधून ठेवा. विकू तर नकाच, कुणाला भेटही देऊ नका.