एक बाटली, पन्नास आरोपी आणि पोलिस भरती

प्रश्न : वकीलसाहेब, मी कोल्हापूरचा. मुलगा वीस वर्षांचा आहे, पोलिस भरतीची तयारी करतोय. गेल्या महिन्यात दोन तालमींच्या संघांची फुटबॉल मॅच बघायला मित्राबरोबर स्टेडियमवर गेला होता. शेवटच्या दहा मिनिटांत पेनल्टीवरून वाद झाला आणि गॅलरीतून पाण्याच्या बाटल्या पडायला लागल्या. एक अर्धी भरलेली बाटली लाईन्समनच्या भुवईवर लागली, तीन टाके पडले. पोलिसांनी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून नऊ जणांची नावं आणि 'इतर चाळीस ते पन्नास' असा गुन्हा दाखल केला. त्या नवात माझा मुलगा आहे. बेकायदा जमाव, दंगा आणि हत्याराने दुखापत अशी कलमं लावलीत. मुलगा म्हणतो, बाटली मीही फेकली, पण ती गॅलरीच्या जाळीच्या आतच पडली. आता त्याला ठाण्यात हजर राहण्याची नोटीस आली आहे. ओळखीचा एक कार्यकर्ता म्हणतो, पंचवीस हजार द्या, नाव काढतो. आयोजकांनी मुलाला मैदानावर कायमची बंदी घातली आहे. त्याचा मित्र सतरा वर्षांचा, त्याचं प्रकरण वेगळीकडे पाठवलं. एका बाटलीसाठी पोराचं आयुष्य घालवायचं, ही काय शिक्षा झाली?

उत्तर :

आधी त्या पंचवीस हजारांचं. देऊ नका. फिर्यादीत आलेलं नाव खोडायचा अधिकार त्या कार्यकर्त्याला नाही, ठाणे अंमलदारालाही नाही. पुरावा सापडला नाही तर तपास अधिकारी दोषारोपपत्रातून नाव वगळू शकतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो, शिक्षा सात वर्षांपर्यंत. मुलाच्या एका बाटलीपायी तुम्ही त्याच्यापेक्षा मोठे आरोपी होऊन बसाल.

नोटीस आली ही वाईटातली बरी बातमी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची ही नोटीस, आधीच्या कायद्यातली ४१अ. अटक गरजेची वाटत नाही तेव्हाच ती काढतात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात २०१४ सालीच बजावलं आहे. मुलगा दिलेल्या तारखेला हजर राहिला आणि पुढेही बोलावलं की जात राहिला, तर अटकेसाठी पोलिसांना लेखी कारण द्यावं लागतं. तो गेला नाही तर ते कारण तुम्हीच त्यांच्या हातात दिलंत. पेपर असो, मैदानी चाचणी असो, तारीख चुकवायची नाही. अडचण असेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

तिथे गेल्यावर काय बोलायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात तेच असणार. 'मी फेकलीच नाही' असं खोटं सांगायला लावू नका. व्हिडिओत हात वर गेलेला दिसतोय, आणि एक खोटं पकडलं गेलं की बाकीचं खरंही कुणी ऐकत नाही. दुसरीकडे, स्वतःला गोवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर न देण्याचा त्याला घटनेच्या अनुच्छेद २० ने हक्क दिला आहे. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. तेव्हा नाव, पत्ता, कुठे बसला होता, कुणाबरोबर होता एवढं सरळ सांगावं. बाटलीचं बोलणं वकिलाबरोबर ठरवून.

आता कलमांकडे येऊ. तुमच्या मुलाचा बचाव तिथेच आहे, आणि शिक्षा न्याय्य की अन्याय्य या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

पाच किंवा जास्त माणसं बेकायदा हेतूने एकत्र आली की तो बेकायदा जमाव, भारतीय न्याय संहितेचं कलम १८९. जमावाने तो हेतू साधायला बळ वापरलं की दंगा, कलम १९१, दोन वर्षांपर्यंत. आणि खरी मेख कलम १९० मध्ये. जमावातल्या एकाने सामायिक हेतूसाठी गुन्हा केला की प्रत्येक जण त्याचा गुन्हेगार. म्हणजे लाईन्समनला लागलेली बाटली तुमच्या पोराने फेकली हे सिद्ध करायची गरजच नाही. तो त्या जमावात होता आणि हेतू एकच होता एवढं दाखवलं की झालं. पोलिसांना हे कलम आवडतं ते यासाठी. पन्नास जणांच्या पन्नास बाटल्यांचा हिशोब मांडत बसावा लागत नाही.

पण गॅलरीतले दोन हजार लोक मॅच बघायला आलेले असतात. घरून निघताना त्यांचा सामायिक हेतू एकच, आपली तालीम जिंकावी. हा हेतू जागच्या जागी, क्षणात बदलू शकतो असं कायदा मानतो, हे तुमच्यापासून लपवत नाही. तरीसुद्धा पेनल्टीवरून संतापून जो तो आपापल्या हाताने काहीतरी भिरकावतो, तेव्हा 'सर्वांनी मिळून लाईन्समनला मारायचं' असा हेतू होता हे फिर्यादी पक्षालाच दाखवावं लागेल. मोठ्या जमावाच्या खटल्यात नुसता बघ्या भरडला जाऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या मसाल्टी खटल्यात एक सावध चाळणी सांगितली : आरोपींची संख्या मोठी असेल तर दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी त्या माणसाबद्दल सुसंगत सांगितलेलं असावं. तुमच्या मुलाबद्दल साक्षीदार किती, हे दोषारोपपत्र आल्यावर कळेल. आज फक्त व्हिडिओ दिसतोय, आणि व्हॉट्सॲपवर दहा जणांकडून फिरत आलेल्या व्हिडिओला पुराव्याच्या कायद्याचं, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते कोण देणार, मूळ मोबाइल कुणाचा, हे वकिलाने पहिल्या दिवसापासून विचारत राहावं.

दुसरं कलम ११८(१), घातक हत्याराने दुखापत, तीन वर्षांपर्यंत. गोळी, सुरा, धारदार वस्तू किंवा हत्यार म्हणून वापरली तर मरण ओढवेल अशी वस्तू, यांच्यासाठी ते आहे. प्लॅस्टिकची अर्धी बाटली त्यात बसते का? माझ्या मते नाही. तीन टाके ही साधी दुखापत, कलम ११५(२) : एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, आणि जखमी माणूस तडजोडीला तयार असेल तर मिटण्याजोगं. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांचं जखमेचं प्रमाणपत्र काय म्हणतं, त्यावर हा वाद ठरेल. त्याची नक्कल मिळवा.

आता तुमचा राग. एका बाटलीसाठी एवढं? मी तुमच्याशी अर्धा सहमत आहे. अर्धाच, कारण तीच बाटली दोन इंच खाली लागली असती तर आज मी तुम्हाला डोळा गेलेल्या माणसाच्या भरपाईबद्दल लिहीत असतो. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या मॅचमध्ये गॅलरीत गोंधळ उसळला, चेंगराचेंगरीत सोळा माणसं गेली. गॅलरीतली एक हालचाल कुठे जाऊन थांबेल, हे ती करणाऱ्याच्या हातात उरत नाही. म्हणून शिक्षा हवीच. माझी तक्रार एवढीच, की ती ज्याच्या हाताने केलं त्याला, त्याने केलं तेवढ्याचीच हवी.

आपल्याकडे नेमकं उलट होतं. गर्दीला शिक्षा करायची सवय मैदानापासूनच लागलेली आहे. १३ मार्च १९९६, वर्ल्ड कप उपांत्य सामना, तेही ईडनवरच. भारत ८ बाद १२०, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, खुर्च्या पेटवल्या, सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइडने सामना श्रीलंकेला देऊन टाकला. रडत परतलेला विनोद कांबळी अजून आठवतो. दहा धावांवर नाबाद होता तो, आणि बाटली काही त्याने फेकली नव्हती. आपल्या स्थानिक स्पर्धांत गॅलरी बिघडली की संघ बाद, तेही तसंच. समर्थकांना वचक बसतो म्हणतात. मला तरी अजून बसलेला दिसला नाही.

नवीन कायद्याने एक चांगली शिक्षा आणली आहे, समाजसेवा. मला विचाराल तर तुमच्या मुलाला चार रविवार तीच गॅलरी झाडायला लावणं सगळ्यात योग्य. पण भारतीय न्याय संहितेत समाजसेवा फक्त सहा किरकोळ गुन्ह्यांना ठेवली आहे. त्यातला एक म्हणजे सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन धिंगाणा. म्हणजे मुलगा झिंगून गॅलरीत लोकांना त्रास देत बसला असता तर कोर्ट त्याला समाजसेवा देऊ शकलं असतं. शुद्धीत बाटली फेकली, म्हणून नाही! त्याचा मित्र सतरा वर्षांचा. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे, आणि मंडळ त्याला ताकीद, समुपदेशन किंवा समाजसेवा देऊ शकतं. वर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ मुळे त्या निकालाचा डाग पुढे नोकरीला लागत नाही. एकाच बाकड्यावर बसलेली दोन पोरं, वयात तीन वर्षांचं अंतर. मित्राच्या वडिलांवर राग धरू नका, त्याला मिळतंय ते योग्यच आहे. कमी पडलंय ते तुमच्या मुलाच्या बाजूला.

ती कमतरता थोडी भरून काढतो १९५८ चा परिवीक्षा कायदा, म्हणजे दोषीला कैदेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडण्याचा. कलम ६ म्हणतं, एकवीस वर्षांखालच्या दोषीला शक्यतो कैद देऊ नये, दिली तर कारणं लिहावीत. पण हे वय मोजायचं शिक्षा ठरवण्याच्या दिवशी, गुन्ह्याच्या दिवशी नव्हे. मुलगा आज वीसचा, आणि आपल्या कोर्टांची गती तुम्हाला सांगायला नको. कलम ४ ला मात्र वयाची अट नाही : चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडून देता येतं. तेवढ्याने दोषसिद्धी पुसली जात नाही, हे भरतीच्या दृष्टीने लक्षात ठेवा. म्हणून 'गुन्हा कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो' हा सल्ला कोर्टाच्या आवारात कुणी दिला तर ऐकू नका. चहावाल्यापासून सगळे देतात.

भरतीबद्दल एकच, पण ठळक. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये हा गुन्हा लिहायचा. लपवायचा नाही. पोरांची निवड जाते ती बहुतेक वेळा गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीमुळे. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, तरुण वयातल्या किरकोळ गुन्ह्याकडे, घोषणाबाजीसारख्या, नेमणूक करणाऱ्याने सौम्यपणे बघायला जागा ठेवली आहे. पण दंगा आणि हत्याराने दुखापत ही कलमं कागदावर तशीच राहिली तर त्याला 'किरकोळ' म्हणणं कठीण जाईल. लढाई शिक्षेआधी कलमांची आहे, ती अशी.

मिटवामिटवीचा सरळ रस्ताही आहे. दंग्याचं आणि हत्याराचं कलम तडजोडीच्या यादीत नाही, पण जखमी लाईन्समन राजी असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयाकडे गुन्हा रद्द करायचा अर्ज करता येतो. त्यासाठी आता मुंबईची वारी नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच आपल्याच भाऊसिंगजी रोडला बसतं. सार्वजनिक शांततेचा भंग असल्याने न्यायालय मान्य करेलच असं वचन मी देणार नाही. कोर्ट बघेल पश्चात्ताप खरा आहे का, उपचाराचा खर्च कुणी दिला का. लाईन्समनच्या घरी मुलाला घेऊन तुम्ही एकटे जाऊ नका, साक्षीदारावर दबाव टाकला असा अर्थ निघतो. वकिलामार्फत आणि फुटबॉल संघटनेच्या पदाधिकाऱ्यांसमोर भेटा. औषधाचे पैसे चेकने द्या. आणि मुलाने माफी मागावी, तोंडाने, त्या माणसाच्या टाक्यांकडे बघून. त्यातला एकही टाका त्याच्या बाटलीचा नसेल, तरी.

राहिली मैदानबंदी. आपल्या देशात प्रेक्षकांवर बंदी घालणारा वेगळा कायदा नाही. इंग्लंडमध्ये १९८९ पासून आहे, बंदी कोर्ट घालतं, कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त दहा. आपल्याकडे आयोजक तिकीट नाकारू शकतो, हक्क त्याचाच. पण मुलाचं म्हणणं न ऐकता 'कायमची' हे टिकायला अवघड. अर्ज करा, म्हणणं मांडायची संधी मागा आणि मुदत ठरवून घ्या. दोन हंगामांची बंदी दिली तर मुकाट्याने घ्या. खरं तर सगळ्या प्रकरणात गुन्ह्याच्या मापाची शिक्षा तेवढीच आहे, आणि तिची नोंद उच्च न्यायालयात तुमच्या कामाला येईल. पुढच्या हंगामाआधी पोलिसांनी चॅप्टर केसची नोटीस दिली तर घाबरू नका. ती शिक्षा नव्हे, शांतता राखण्याचं बंधपत्र मागणं आहे. पण तीही वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही.

मुलाच्या मोबाइलमध्ये त्या दिवसाचे फोटो, व्हिडिओ असतील तर डिलीट करू देऊ नका. पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप लागेल, आणि बाटली जाळीच्या आत पडलेली दिसणारं एखादं चित्र त्यातच असायचं. व्हिडिओत त्याला जर्सीवरून ओळखलं असं फिर्यादीत म्हटलंय का तेही तपासा. निम्मी गॅलरी त्याच रंगाची असते. म्हणूनच नोटिशीच्या तारखेला ठाण्यात जाताना साधा शर्ट घालायला लावा, तालमीची जर्सी नको.