‘लेयेंदा’ म्हणजे दंतकथा की आख्यायिका?

प्रश्न असा आहे : गिटारवादनाच्या एका कार्यक्रमपत्रिकेत स्पॅनिश संगीतकार आल्बेनिथच्या ‘अस्तुरियास (लेयेंदा)’ या रचनेचं मराठी नाव ‘अस्तुरियासची दंतकथा’ असं छापलं होतं. ते बरोबर आहे का?

मी ‘दंतकथा’च्या जागी ‘आख्यायिका’ घेईन. पण त्याहून जास्त मला खटकतो तो मधला ‘ची’.

आधी शब्द पाहू. स्पॅनिशमधला ‘द’ आपल्या ‘द’सारखा दंत्य, म्हणून ‘लेयेंदा’ म्हणावं, ‘लेयेंडा’ नको. मूळ लॅटिन ‘लेगेंदा’, म्हणजे वाचायच्या गोष्टी. आपल्या ‘पठनीय’सारखीच घडण. मध्ययुगात मठांमधून जी संतचरित्रं मोठ्याने वाचली जात, त्यांना हे नाव होतं. त्यांतल्या चमत्कारांमुळे शब्दाचा अर्थ हळूहळू ऐकीव, अद्भुत कथेकडे सरकला. नाण्यावरचा मजकूर आणि नकाशाच्या कोपऱ्यातली खुणांची यादी यांनाही स्पॅनिशमध्ये लेयेंदाच म्हणतात; तिथे जुना अर्थ शाबूत आहे.

मराठीतले दोन्ही शब्द मात्र सांगण्या-बोलण्यातून आलेले. दंतकथा तोंडोतोंडी फिरते आणि आख्यायिकेत ‘ख्या’ म्हणजे सांगणे हा धातू आहे. फरक पडतो तो वापरात. ‘छे, ती सगळी दंतकथा’ असं म्हणताना आपण त्या गोष्टीवरचा विश्वास काढून घेतो. ‘या कुंडाची अशी आख्यायिका सांगतात’ असं म्हणताना तिचा मान ठेवतो. संस्कृत साहित्यशास्त्रात तर घडलेल्या वृत्तावर उभ्या असलेल्या गद्याला आख्यायिका म्हणत : बाणभट्टाचं ‘हर्षचरित’ आख्यायिका, ‘कादंबरी’ कथा. संगीताच्या शीर्षकाला हा भारदस्तपणा शोभतो.

आता ‘ची’. आल्बेनिथने ही रचना पियानोसाठी लिहिली. १८९२ मध्ये बार्सेलोनात ती छापली गेली तेव्हा तिचं नाव नुसतं ‘प्रिल्यूड’, म्हणजे सुरुवातीला वाजवायची छोटी रचना, असं होतं. तो १९०९ मध्ये वारला आणि १९११ मध्ये हॉफमायस्टर या जर्मन प्रकाशकाने ती त्याच्या ‘स्पॅनिश स्वीट’ या रचनासंचामध्ये ‘अस्तुरियास’ या नावाखाली घातली. अस्तुरियास हा स्पेनच्या उत्तरेचा हिरवा, पावसाळी, डोंगराळ मुलूख; तिथलं लोकवाद्य म्हणजे ‘गाइता’ ही पिशवीची बासरी. या रचनेत त्यातलं काहीच ऐकू येत नाही. तिच्यात आहे दक्षिणेतल्या अंदालुसियाचा फ्लामेंको, म्हणजे तिथलं गाणं, गिटार आणि नाच यांचं पारंपरिक संगीत. गिटारवर पाहिलं की हे लगेच कळतं : अंगठा जाड तारांवर सुरावट काढतो आणि बोट मोकळी दुसरी तार सतत छेडत राहतं. मधल्या संथ भागात ताल सैल होतो आणि ‘कांते होंदो’, म्हणजे फ्लामेंकोमधलं खोल, आर्त गायन, एकाकी गळ्यातून यावं तसे सूर येतात. तिथली फ्रिजियन या पाश्चात्त्य स्वरक्रमाची छटा आपल्याला भैरवी थाटाची आठवण देते. पियानोने गिटारची नक्कल केली होती; स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियाच्या रूपांतराने ती रचना गिटारवर लोकप्रिय केली.

म्हणजे अस्तुरियासची अशी कुठलीही कथा इथे सांगितलेली नाही. त्या संचातली बाकीची नावंही पाहा : ‘ग्रानादा (सेरेनाता)’, ‘सेविया (सेवियानास)’. आधी ठिकाण, मग कंसात रचनेचा प्रकार. ‘ची’ लावला की नसलेलं नातं जोडलं जातं. तेव्हा पत्रिकेत ‘अस्तुरियास (आख्यायिका)’ असं कंसासकट छापावं आणि जागा असेल तर खाली ‘मूळ शीर्षक : प्रिल्यूड’ अशी ओळ द्यावी.