वॉलआयच्या डोळ्याला ऊन सोसत नाही

प्रश्न : रत्नागिरीला भाट्याच्या खाडीत आजोबांबरोबर गरवतच मी मोठा झालो. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी मिनियापोलिसला आलो. मागच्या जुलैत मिल लॅक्स सरोवरावर ओळीने तीन शनिवार सकाळी दहा ते दुपारी तीन होडीत बसलो. पिवळे पर्च नावाचे बारके मासे मिळाले, पण ज्याच्यासाठी गेलो तो वॉलआय मासा एकही लागला नाही. त्याची नेमकी वेळ कोणती? गळ टाकायचा कसा?
– एक वाचक, मिनियापोलिस

उत्तर : तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. पर्च लागले म्हणजे जागा चुकली नव्हती, कारण पर्च हे वॉलआयचं आवडतं खाणं. चुकली ती वेळ.

मी वेंगुर्ल्याची. वीस वर्षं इथे मिनेसोटात आहे आणि पहिल्या उन्हाळ्यात मीही हेच केलं होतं. आपल्याला सवय भरती-ओहोटी बघून निघायची. इथे ओहोटी नाही, म्हणून वाटतं की कधीही गेलं तरी चालेल. पण या माशाची भरती-ओहोटी उजेडाची असते. रात्री होडीत ओढलेल्या वॉलआयवर बॅटरी मारून बघा, मांजरासारखे डोळे चमकतात. बुबुळामागे उजेड परतवणारा एक थर असतो, त्यामुळे अंधुक प्रकाशात त्याला स्वच्छ दिसतं. पर्चला हा थर नाही. दिवसा दोघांनाही दिसतं, पर्च निसटतो. तिन्हीसांजेला पर्चचं दिसणं मंदावतं आणि वॉलआय नेमका तेव्हा जेवायला बाहेर पडतो.

जुलैत इथे सूर्य मावळतो नऊच्या सुमाराला. तेव्हा सव्वाआठला जागेवर पोचा आणि काळोख पडल्यावर निदान तासभर थांबा. पहाटेही तसंच, उजाडायच्या आधी गळ पाण्यात हवा. दिवसा जायचंच असेल तर आभाळ भरलेला, वारा सुटलेला दिवस निवडा. लाटांनी ऊन फुटतं, तळाशी उजेड कमी पोचतो. ज्या काठावर वारा आपटतो त्याच काठाला जा. मिल लॅक्समध्ये झेब्रा मसल नावाच्या बारीक शिंपल्यांनी पाणी नितळ केलंय, म्हणून तिथे हे जास्तच पाळावं लागतं. मात्र ते सरोवर पसरट आणि उथळ, जेमतेम ४२ फूट खोल. वाऱ्याने लाटा पटकन चढतात. लाइफ जॅकेट अंगातच असू द्या.

ऋतूंचं म्हणाल तर बर्फ वितळल्या वितळल्या, पाणी चाळीस-पन्नास अंश फॅरनहाइटला असताना, हा मासा खडकाळ उथळ जागी अंडी घालतो. मेच्या मध्यावर हंगाम उघडतो तेव्हा तो अजून सहा ते दहा फुटांतच असतो. भर उन्हाळ्यात वीस-तीस फुटांच्या चिखलाच्या पठारांवर आणि खोल खडकांवर उतरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी थंडावलं की पुन्हा काठाशी येतो. मला विचाराल तर ऑक्टोबरातली चांदणी रात्र सगळ्यात चांगली, मोठे मासे तेव्हाच लागतात.

आता गळ. मे महिन्यात १/८ औंसाचा जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, त्याला जिवंत मिनो म्हणजे बारका मासा. तळाला टेकवायचा, वीतभर उचलायचा, दोर ताणलेलाच ठेवून सावकाश खाली सोडायचा. घास बहुतेक वेळा खाली जातानाच पडतो. खाडीतल्या माशासारखा हिसका येत नाही. दोर जरासा जड होतो, ओला पाला अडकल्यासारखं वाटतं. माझे पहिले पाच-सहा मासे मी पालाच समजून सोडले.

जूननंतर जळवा वापरा. हो, आपल्या शेतातल्या जळवांचीच इथली भावंडं, आमिषाच्या दुकानात वजनावर मिळतात. पाणी थंड असलं की ती गोळा होऊन बसते, ऊबदार पाण्यात रिबिनीसारखी वळवळते, म्हणून तिचा मोसम उन्हाळ्याचा. गळात तिच्या चोषकाजवळून ओवा. वर दोरावर सरकणारा तरंगा लावा आणि त्याला अडवणारी गाठ अशी बांधा की जळू तळापासून फूटभर वर राहील. आधी गळाला शिसं अडकवून खोली मोजून घ्या. हा फूटभराचा हिशेब चुकला तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. तरंगा बुडाला की लगेच झटका देऊ नका. ढिला दोर गुंडाळा, माशाचं वजन हाताला लागू द्या, मग काठी ठामपणे उचला.

मासा हातात घेताना पाठीचे काटे आणि कल्ल्याची धार सांभाळा. शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की समजा तोच. मोठ्या माद्या सोडून द्याव्यात असं माझं अगदी मनापासून मत आहे. अंडी त्यांच्याच पोटात असतात, आणि मोठ्या माशांत पाराही जास्त साठलेला असतो. खायला पंधरा-सोळा इंची बरे.

मिल लॅक्सचे नियम राज्यापेक्षा वेगळे असतात आणि बदलत राहतात. किती मासे, किती लांबीचे, रात्री गरवायला परवानगी आहे की नाही, हे निघायच्या दिवशी मत्स्यविभागाच्या नियमांत बघा. परवाना तर लागतोच. परतताना होडीचं बूच काढून सगळं पाणी काठावरच सोडा, उरलेले मिनो सरोवरात टाकू नका.

हिवाळ्यात बर्फावर जाणार असाल तर पायी चालायला निदान ४ इंच नितळ, टणक बर्फ हवा. पांढरट बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट.

आणि डोकं टाकू नका. गालफडात दोन्ही बाजूंना गोल, घट्ट मांसाचा एकेक तुकडा असतो. हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर टाका. घरात आम्ही ते तुकडे आधी वाटून घेतो, मग बाकीचा मासा.