चार महिने ‘डोअर लॉक’, पाचव्या महिन्यात सत्तावीसशे: ठेव मोडायची का?

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय: “आम्ही दोघंही बेळगावच्या उद्यमबागला नोकरीला, मीटर ग्रिलच्या आत. जुलै ते ऑक्टोबर रीडरला घर बंद मिळालं म्हणून दर महिन्याला ९० युनिटांचं सरासरी बिल आलं, कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत ते शून्य झालं. नोव्हेंबरला रीडिंग घेतलं आणि एकदम ३६० युनिट, २,७०० रुपये! मिस्टर म्हणतात, भरायचंच नाही. मला वाटतं सोसायटीतली ६५,००० ची ठेव मोडून सोलर बसवावं, केईबीची (आताची वीज कंपनी हेस्कॉम) कटकटच संपेल. काय करू?”

ताई, आधी मिस्टरांना शांत करा. युनिट खोटे नाहीत. तुम्ही पाठवलेल्या बिलांवर जुलैच्या आधीचं रीडिंग ४,८१२ आहे आणि नोव्हेंबरचं ५,५३२. म्हणजे पाच महिन्यांत ७२० युनिट जळले. त्यातले ३६० आधी लावले होते, उरलेले ३६० आता लावले. बेरीज बरोबर आहे. गडबड आहे ती हे युनिट कुठल्या महिन्यात टाकले यात, आणि तुमचे पैसे नेमके तिथेच जातायत.

गृहज्योती नसती तर मी म्हटलं असतं, भरा आणि विसरा. आज कमी लावलं ते उद्या जास्त लागतं, हिशोब फिटतो. पण या योजनेला २०० युनिटांची भिंत आहे. तुमचे मोफत युनिट ठरले ते २०२२-२३ च्या सरासरीवर १० टक्के वाढ धरून, बिलावर ते ११० दिसतात. एखाद्या महिन्यात ११० च्या वर पण २०० च्या आत राहिलात तर फक्त वरचे भरायचे. २०० ओलांडले की त्या महिन्याची सवलत पूर्ण गेली, पहिल्या युनिटापासून पैसे.

आता ७२० भागिले पाच करा. महिन्याला १४४. दर महिन्याला रीडिंग झालं असतं तर ११० सोडून ३४ युनिट भरले असते, पाच महिन्यांचे १७०. २०२५-२६ च्या ५ रुपये ८० पैसे दराने ९८६ रुपये. त्यांनी मात्र ३६० युनिट एकाच महिन्यात कोंबले: २,०८८ रुपये. कर, अधिभार, स्थिर आकार वेगळे. म्हणजे नुसत्या युनिटांतच अकराशे रुपये जास्त. अर्ज या मुद्द्यावर करायचा. “मीटर पळतोय” असं लिहिलंत तर मीटर तपासणीत महिना जाईल, मीटर बरोबर निघेल आणि खरा मुद्दा तसाच राहील.

तरी मनात शंका असेल तर घरातच बघा. सगळं बंद करून फक्त १,००० वॉटची इस्त्री लावा आणि मीटरवरचा लाल दिवा पहिल्या मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर ३,२०० इम्पल्स (म्हणजे एका युनिटाला तेवढ्या लुकलुकी) छापलं असेल तर ५३ च्या आसपास यायला हवेत, व्होल्टेजप्रमाणे चार-पाच इकडेतिकडे. सत्तर आले तर मग तपासणी मागा. आणि मेन स्विच बंद केल्यावरही दिवा लुकलुकत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

कायदा तुमच्या बाजूने आहे, तो अर्जात लिहा. केंद्राच्या २०२० च्या वीजग्राहक हक्क नियमांप्रमाणे एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त अंदाजी बिलं देता येत नाहीत. तुम्हाला चार दिली. दोन फेऱ्या मीटर बघायला मिळाला नाही तर ग्राहकाने तारखेसह फोटो पाठवायचा, अशीही सोय त्याच नियमांत आहे. फोटो काढताना एक काळजी: स्क्रीनवर तारीख, वेळ, लोड असे आकडे आळीपाळीने फिरतात. ‘केडब्ल्यूएच’ (kWh, म्हणजे युनिट) दिसेल तेव्हाच क्लिक करा. लोडचा आकडा पाठवून भांडत बसलेले लोक मी पाहिलेत.

अर्जात मागणी एकच: ७२० युनिट पाच महिन्यांत वाटून, प्रत्येक महिन्याची गृहज्योती सवलत लावून बिल दुरुस्त करावं. बिलांच्या झेरॉक्स जोडा, आर. आर. नंबर (बिलावरचा ग्राहक क्रमांक) लिहा, सेक्शन ऑफिसात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. १९१२ वर तक्रार नोंदवून तो नंबरही त्याच कागदावर लिहा. भाषेचं म्हणाल तर घटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं मराठीतही देता येतं आणि तो हक्क सोडू नये असं माझं मत आहे. पण अकराशे रुपये लवकर हवेत, तर सोबत कन्नड प्रतही जोडा. टेबलावरचा माणूस ती लगेच वाचतो. तिथे दाद लागली नाही तर हेस्कॉमचा ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर बेंगळुरूला लोकपाल.

निकाल लागेपर्यंत काय भरायचं? ‘भरायचंच नाही’ हे नको. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ मध्ये पंधरा दिवसांची नोटीस देऊन लाईन तोडता येते. त्याच कलमात असंही आहे की, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातलं जे कमी ते निषेध नोंदवून भरलं तर तोडता येत नाही. तुमची सरासरी जवळजवळ शून्य येते! पण त्या मुद्द्यावर काउंटरवर वाद घालू नका. वरचे ९८६ आणि त्यावरचे कर-अधिभार धरून साडेअकराशे रुपये तुमच्याकडून निघतातच. तेवढे ‘वादग्रस्त बिलापोटी, हक्क राखून’ असं लेखी देऊन भरा. काउंटरवर अर्धी रक्कम घेत नसतील तर अर्जातच तशी परवानगी मागा. अगदी तारीख टळायला आली तर पूर्ण भरा आणि फरक पुढच्या बिलात वळता करून मागा. अकराशेसाठी घरात अंधार कशाला?

आता सोलर. २ किलोवॉटला साधारण सव्वा लाख धरा, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ६०,०००, म्हणजे खिशातून ६५,०००. वाचणार काय? रीडिंग वेळेवर झालं तर तुमचं खरं बिल महिन्याला सव्वादोनशे, वर्षाला २,७००. आणि सोसायटी ८ टक्के देत असेल तर त्याच ठेवीचं व्याज वर्षाला ५,२००. उरलेले युनिट विकून थोडं मिळेल, पण ते धरूनही व्याजाच्या पुढे जाणं कठीण. रागाच्या भरात हा सौदा करू नका. उद्या गृहज्योती बंद झाली किंवा तुमचा वापर दर महिन्याला २०० च्या वर जायला लागला तर गोष्ट वेगळी. तेव्हा वर्षाला दहा हजार वाचतील, सहा-सात वर्षांत पैसे फिटतील. तेव्हा विचारा, मीच बसवा म्हणेन.

ठेवीबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो: सहकारी सोसायटीतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा कवच नसतं. मुदत संपली की निम्मी रक्कम बँकेत हलवा.

आणि खर्च करायचाच तर मीटर ग्रिलबाहेर, कंपाउंडच्या भिंतीवर आणण्यावर करा. सेक्शन ऑफिसात मीटर शिफ्टिंगचा अर्ज असतो, काम परवानाधारक कंत्राटदार करतो. दोघांकडून अंदाज घ्या, आणि बिल दुरुस्तीच्या अर्जासोबतच हाही देऊन टाका. तोवर दर महिन्याला रीडर यायच्या सुमारास शेजारच्या काकूंकडे ग्रिलची किल्ली ठेवा.