डीएनए आला, मग फुलं ओळखणारा कशाला?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बीएस्सी बॉटनीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फुलं ओळखायची खूप आवड आहे. सरांबरोबर कासला जाऊन नोंदीही करते. पण कॉलेजात आलेले एक पाहुणे म्हणाले, ‘आता डीएनएवरून सगळं कळतं, वर्गीकरणाचे दिवस संपले.’ बाबांचा आग्रह एमएस्सी बायोटेकचा आहे. त्यांचं म्हणणं, झाडांची नावं पाठ करून पोट भरत नाही. मी काय करू?

उत्तर : पाहुण्यांचं पहिलं अर्धं वाक्य बरंचसं खरं आहे, दुसरं अर्धं साफ चुकीचं.

तुझ्या जर्नलमध्ये बहुधा अजून बेंथम-हूकरची जुनी वर्गीकरणपद्धतच असेल आणि कांदा, शतावरी, कळलावी ही तिन्ही लिलिएसी या एकाच कुळात असतील. आज कांदा अ‍ॅमरिलिडेसीत आहे, शतावरी अ‍ॅस्परॅगेसीत आणि कळलावी कोल्चिकेसीत. साग आणि निर्गुडी व्हर्बिनेसी सोडून तुळशीच्या कुळात जाऊन बसलेत. कमळ आणि कुमुदिनी एकाच तळ्यात दिसतात, म्हणून पुस्तकातही शेजारी असायची. डीएनए तपासला तेव्हा कळलं, की कमळाचा जवळचा नातलग चिनार आहे, काश्मीरचा तो भलामोठा वृक्ष! नुसतं फूल पाहून हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

या बदलाची मोठी पायरी १९९३ची. हरितलवकातल्या आरबीसी-एल या एकाच जनुकावरून सुमारे ५०० वनस्पतींचा वंशवृक्ष तेव्हा मांडला गेला. १९९८मध्ये एपीजी ही डीएनएवर आधारलेली वर्गीकरणाची नवी पद्धत आली. तिच्या २०१६च्या चौथ्या आवृत्तीत सपुष्प वनस्पतींची ६४ गणं (म्हणजे कुळांचे मोठे गट) आणि ४१६ कुळं आहेत. अभ्यासक्रम मागे राहिला म्हणून तू राहू नकोस, एपीजीचा तक्ता आजच उतरवून घे. बाभळीचं तर नावच गेलं. अ‍ॅकेशिया ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) फुटली आणि २००५च्या व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये ते नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं. आपली बाभूळ आता व्हॅचेलिया आणि खैर सेनेगालिया. मला ते अजून जड जातं, पण परीक्षेत लिहिताना तेच लिही.

आता दुसरं अर्धं वाक्य. यंत्रात पान नाही, डीएनए जातो. तो कोणाचा, हे यंत्राला ठाऊक नसतं. मोहिमेवर पानाचा तुकडा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीत टाकतात. त्याच झाडाची फुलासकट फांदी दाबून, वाळवून कागदावर चिकटवतात, म्हणजे हर्बेरियम शीट करतात आणि पुडीवर व शीटवर एकच क्रमांक घालतात. पुढे प्रयोगशाळेत पान कुटून सीटॅब या पेशी फोडणाऱ्या रसायनाच्या द्रावणात ६५ अंशांवर ठेवायचं, क्लोरोफॉर्मने प्रथिनं काढायची, पीसीआर करून हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या, मग डीएनएतल्या अक्षरांचा क्रम वाचायला, म्हणजे सिक्वेन्सिंगला, पाठवायचं. भेंडीच्या कुळातलं पान असेल तर नळीत डीएनएऐवजी बुळबुळीत चिकाचा गोळाच हाती येतो आणि दिवस फुकट जातो. एवढं करून आलेला क्रम जेनबँक या डीएनए-क्रमांच्या खुल्या ऑनलाइन साठ्यातल्या नोंदींशी ताडून बघायचा. पण त्या नोंदींवरची नावंही कुणीतरी माणसानेच लिहिलेली. मूळ झाड चुकीचं ओळखलेलं असेल तर तुझं उत्तर ९९ टक्के जुळूनही चूकच. अशा वेळी ती शीट काढून फूल पुन्हा तपासणारं माणूस लागतं, आणि अशी माणसं कमी होत चाललीत.

तू कासला कंदीलपुष्प पाहिलं असशील, सेरोपेजिया. या प्रजातीच्या कितीतरी जाती फक्त पश्चिम घाटात सापडतात. डीएनएच्या अभ्यासातून दिसलं, की ब्रॅकिस्टेल्मा ही वेगळी मानलेली प्रजाती वंशवृक्षात सेरोपेजियाच्याच फांद्यांमध्ये अडकलेली आहे. मग दोन्ही एक करायच्या, की सेरोपेजियाचे तुकडे पाडायचे? काहींनी २०१७मध्ये सगळ्या एकत्र केल्या, पण ते सर्वांना पटलेलं नाही. शिवाय हरितलवकाचा डीएनए बहुतेक सपुष्प वनस्पतींत आईकडूनच येतो. संकर झाला असेल तर हरितलवकाचा डीएनए एक गोष्ट सांगतो आणि केंद्रकातला डीएनए दुसरी. निवाडा करायला फुलाची रचना, परागण, फुलोऱ्याचा काळ, सगळं माहीत असावं लागतं. तू जे करतेयस ते हेच.

म्हणून माझं मत एमएस्सी बॉटनीचं. मात्र विभाग पारखून घे. प्राध्यापकांना विचारू नकोस, तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार : हर्बेरियमचं कपाट शेवटचं कधी उघडलं? पीसीआर तुम्ही स्वतः करता की फक्त बघता? कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सेरोपेजियावर बरंच काम झालंय. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. दोन्ही ठिकाणची हर्बेरियम एकदा सरांबरोबर बघून ये. आणि कॉम्प्युटरला घाबरू नकोस. या कामात निम्मा वेळ लिनक्स आणि आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा यांच्यासमोरच जातो.

आता बाबांसाठी. त्यांची काळजी रास्त आहे, ती उडवून लावू नकोस. वनस्पती सर्वेक्षणाच्या किंवा प्राध्यापकीच्या जागा तुरळक निघतात आणि पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज जातात. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, तेवढा आधार होतो. न मिळाली तर दुसरी वाट हवी. तीही आहे. बियाणं कंपन्या वाणाची शुद्धता डीएनएवरून तपासतात. आयुर्वेदिक कच्च्या मालात सीता अशोकाच्या सालीत खोट्या अशोकाची साल मिसळलेली असते. सालीची पूड झाली की डोळ्यांनी ओळखणं कठीण, तिथे डीएनए बारकोड, म्हणजे जात ओळखून देणारा डीएनएचा छोटा तुकडा, लागतो. पीसीआर नीट येणाऱ्या बॉटनीच्या मुलीला ही दारं बंद नाहीत. नुसत्या बायोटेकच्या पदवीने ती आपोआप उघडतात असंही नाही, हे बाबांना नक्की सांग.

कासचं पान प्रयोगासाठी तोडायला जाऊ नकोस, त्याला वनखात्याची परवानगी लागते. परीक्षा झाली की घरीच एक काम कर. जेनबँकेतून कांदा, शतावरी, कळलावी, बागेतली लिली आणि अळू यांचे आरबीसी-एलचे क्रम उतरवून घे. मेगा हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ते जुळवून वंशवृक्ष काढ. अळूला बाहेरचा गट, म्हणजे तुलनेसाठी घेतलेला दूरचा नातलग, धर. कांदा-शतावरी एका फांदीवर आणि कळलावी-लिली दुसरीवर यायला हव्यात. फांदीवरचा बूटस्ट्रॅपचा, म्हणजे ती फांदी किती भरवशाची हे सांगणारा, आकडा ७०च्या खाली आला, तर मॅट-के जनुक घेऊन पुन्हा करून बघ आणि दोन्ही वृक्ष सरांना दाखव.