अहवाल यंदाचा, नुकसान कधीचं?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं पत्र आहे. लोहखाणीच्या डंपाची, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगाची, माती २०११ पासून त्यांच्या भातशेतात येते. आता गंधकाच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) तपासणी केली, ती खाणीकडे बोट दाखवते. अहवाल यंदाचा, मग दावा करायची मुदतही यंदापासूनच ना? सत्तरी-डिचोलीतून असं विचारणारे पुष्कळ आहेत.

तसं धरून चालू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १५ खाली भरपाई किंवा जमीन पूर्ववत करून मागायला ५ वर्षं मिळतात, तीही कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून. पुरेसं कारण दाखवलं तर वर फार तर ६० दिवस. २०१३ मध्ये तुम्ही कंपनीकडून पैसे घेतल्याची पावती कागदांत आहे. माती कोणाची हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं, हे ती पावतीच सांगते. सही करण्याआधी कुणाला तरी विचारायचं होतं! २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज (खाणपट्टे) रद्द केली म्हणून थांबलो, असं तुम्ही लिहिता. लीज गेली तरी डंप जागेवरच असतो, आणि मुदत धावतच राहते.

अहवाल वाया गेलेला नाही. समुद्राच्या सल्फेटमधलं गंधक-३४ आणि गंधक-३२ यांचं प्रमाण पायराइटमधल्या (लोह-गंधकाच्या खनिजातल्या) प्रमाणाहून बहुधा वेगळं असतं. त्यामुळे ‘हे गंधक खाजनातल्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीतल्या) खाऱ्या पाण्याचं’ हा कंपनीचा बचाव खोडता येईल. पण माती कुठली ते त्यातून कळतं, कधी आली ते नाही. शिवाय गोव्याचं लोहखनिज मुख्यतः ऑक्साइड, गंधक त्यात थोडंच. लोह आणि मँगनीजचे आकडे जोडीला हवेतच.

तुमचा दावा उभा राहील तो पत्राच्या शेवटच्या ओळीवर: गेल्या पावसात डंपाचा बांध फुटून नवा गाळ शेतात आला. ही घटना आणि तिची तारीख पक्की करा. जुन्या थरासाठी ‘नुकसान चालूच आहे’ असा युक्तिवाद करता येईल. तो टिकेलच असं मी सांगणार नाही. भरपाईऐवजी बांधाबद्दल आदेश हवा असेल तर कलम १४ ची मुदत अवघी ६ महिने, अधिक ६० दिवस. ती कदाचित संपतही आली असेल.

तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि विभागीय कृषी कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या. नमुने पंचांसमोर सीलबंद करा, एक नमुना गाळ न पोचलेल्या शेजारच्या शेतातलाही असू द्या. हे सगळं आणि एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद) घेऊन या महिन्यातच वकील गाठा. अर्ज न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठाकडे जाईल.