टूल्सच सगळं करतात, मग मार्केटिंगवाल्याने करायचं काय?

जाहिरात कुणाला दाखवायची, बोली किती लावायची, मजकूर काय लिहायचा हे सगळं आता टूल्स ठरवतात, मग माणसाला काय काम उरलं, असं तुम्ही विचारलंय. काम भरपूर आहे, फक्त ते जाहिरात चालवण्याकडून मोजणीकडे सरकलंय. आणि मोजणीच चुकली तर टूल जितकं हुशार, तितके पैसे लवकर वाया जातात.

गूगल किंवा मेटाच्या यंत्रणेला तुमचा धंदा कळत नाही. तुम्ही 'कन्व्हर्जन' म्हणून, म्हणजे जाहिरातीतून हवी असलेली कृती म्हणून, काय नोंदवलंय तेवढंच तिला कळतं. फॉर्म भरला की कन्व्हर्जन, असं सांगितलंत तर ती फॉर्म भरणारी माणसं शोधून आणते. त्यांना खरेदी करायची आहे की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. लीड्स, म्हणजे चौकशी करणारे संभाव्य ग्राहक, वाढल्या पण विक्री जागेवरच, ही नेहमीची तक्रार इथूनच येते. म्हणून सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) जी लीड पुढे गेली, तिची माहिती जाहिरात खात्यात परत पाठवा. गूगलच्या जाहिरातीवर क्लिक झालं की लिंकला 'जीसीएलआयडी' हा ओळख क्रमांक जोडलेला येतो. तो फॉर्मच्या लपवलेल्या रकान्यात साठवला, तर तीन आठवड्यांनी झालेली विक्रीसुद्धा त्याच क्लिकच्या नावावर टाकता येते.

इथे उलटी चूकही होते, फारच क्वचित घडणारी कृती निवडली जाते. मेटाच्या अ‍ॅड सेटला (एकच बजेट आणि ऑडियन्स असलेल्या जाहिरातींच्या गटाला) शिकण्याच्या टप्प्यातून, म्हणजे जाहिरात कुणाला दाखवायची हे यंत्रणा अजमावते त्या काळातून, बाहेर पडायला आठवड्यात साधारण ५० कन्व्हर्जन लागतात. विक्रीच आठवड्याला पाच होत असेल तर एक पायरी अलीकडची कृती निवडा, उदाहरणार्थ 'कार्टमध्ये टाकलं'. आणि रोज बजेट, ऑडियन्स हलवत बसू नका. मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने २०२० मध्ये थर्ड-पार्टी कुकीज, म्हणजे एका साइटवरून दुसऱ्या साइटवर माणसाचा माग ठेवणाऱ्या नोंदी, पूर्ण बंद केल्या. एप्रिल २०२१ पासून आयफोनवरच्या अ‍ॅप्सना ट्रॅकिंगसाठी परवानगी मागावी लागते. ब्राउझरमधल्या पिक्सेलला (साइटवर काय घडलं ते मेटाला कळवणाऱ्या कोडच्या तुकड्याला) तेव्हापासून अर्धवटच दिसतं, म्हणून साइटच्या सर्व्हरवरूनही माहिती पाठवतात. आता तीच ऑर्डर दोन्हीकडून पोहोचते. दोन्हींवर इव्हेंटचं (नोंदवलेल्या कृतीचं) नाव आणि इव्हेंट आयडी, म्हणजे त्या नोंदीचा क्रमांक, एकच नसेल तर एका विक्रीच्या दोन होतात, आणि रिपोर्ट इतका छान दिसतो की कुणाला शंकाही येत नाही. या कामात मला सर्वांत घातक वाटते ती हीच चूक.

यूटीएम म्हणजे माणूस कुठून आला हे सांगायला लिंकच्या शेवटी जोडलेली खूण. तिचं दुखणं साधं आहे. एकाने सोर्समध्ये 'फेसबुक' कॅपिटल एफने लिहिलं, दुसऱ्याने स्मॉल एफने, की अ‍ॅनालिटिक्समध्ये दोन वेगळ्या ओळी तयार. सगळं स्मॉल अक्षरांत, आणि नावं एकाच सामायिक शीटमधून उचलायची. साइटच्या आतल्या लिंक्सना यूटीएम अजिबात लावू नका, माणूस मुळात कुठून आला त्याचा हिशेब बिघडतो.

ईमेलचा ओपन रेट, म्हणजे किती जणांनी मेल उघडली तो आकडा, विसरा. अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप २०२१ पासून चित्रं आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे न उघडलेली मेलही उघडल्यासारखी दिसते. क्लिक पाहा.

ए/बी टेस्टमध्ये, म्हणजे दोन पर्याय वेगवेगळ्या लोकांना दाखवून तुलना करताना, बहुतेकांची घाई नडते. २ टक्क्यांचा कन्व्हर्जन रेट २.५ टक्के झाला, हे नेहमीच्या ९५ टक्के विश्वासपातळीवर आणि ८० टक्के पॉवरने (खरा फरक सापडण्याच्या शक्यतेने) पकडायचं तर प्रत्येक पर्यायाला सुमारे १४,००० लोक लागतात. तिसऱ्या दिवशी एक पर्याय पुढे दिसला म्हणून टेस्ट थांबवणं म्हणजे नाणेफेक. तेवढी वर्दळ नसेल तर बटणाचा रंग सोडा आणि ऑफरच बदलून पाहा. फरक मोठा असेल तर कमी लोकांतही दिसतो.

एआयकडून वीस मथळे मिनिटभरात मिळतात, पण ते एकमेकांची भावंडं असतात. त्याला ग्राहकांच्या रिव्ह्यूमधली, तक्रारींमधली मूळ वाक्यं द्या, तेव्हा कुठे मजकुराला धार येते. त्याने केलेला प्रत्येक दावा मात्र स्वतः तपासा.

सुरुवात कुठून करायची, तर कालच्या दिवसाच्या ऑर्डरी बिलिंगमधून मोजा आणि शेजारी मेटाचा व गूगलचा आकडा लिहा. दोघे एकाच विक्रीवर हक्क सांगतात, म्हणून त्यांची बेरीज बिलांपेक्षा जास्त येऊ शकते. पण एकट्या मेटाचाच आकडा बिलांच्या पुढे गेला, तर आधी इव्हेंट आयडी तपासा.